उसनं नाक

सोमवारी चार ते सहा, लितोवेलच्या वाचनालयात,
मागच्या खोलीत, जिथे फाटकी पुस्तकं चिकटवतात,
मी बसतो. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, चाकू, भिंग,
आणि एक नोंदवही, माझ्या आधीच्या माणसाच्या अक्षरात सुरू झालेली.
लोक टोपल्या घेऊन येतात.
मी "हो" म्हटलं की त्याच संध्याकाळी ते अळंबी लोण्यात परततात.
इतका विश्वास डॉक्टरवर नसतो कुणाचा.

फेब्रुवारीत ताप आला. गेला.
जाताना माझं नाक घेऊन गेला,
म्हणजे नाक आहे जागेवर, चष्मा टेकायला पुरतं.

कुणाला सांगितलं नाही.
डोळ्यांनी अळंबी निम्मीच कळते.
उरलेली निम्मी हुंगावी लागते:
हिला ओल्या पिठाचा वास, तिला किसलेल्या मुळ्याचा,
एक बडीशेपेची, कोटाचा खिसा आठवडाभर सोडत नाही.
आणि ती हिरवट, देखणी, माणसाचं यकृत खाणारी,
तिला वय झालं की शिळ्या मधाचा.
त्या एका मधासाठी माझी रात्रीची झोप जाते.
म्हणून या वर्षी मी जरा जास्तच "नको" म्हणतोय.
हावेल्कोव्हा बाईंनी तर अख्खी टोपली
दारातल्या कचऱ्यात उपडी केली, माझ्याकडे न बघता.
चांगली असावीत. बहुतेक.

आज राद्का श्मेरालोव्हाची मुलगी आली, ओतिली, वय नऊ,
हातात आइस्क्रीमचा डबा, झाकणाला चिकटपट्टी.
"आमच्या बागेत कुणीतरी अंडी पुरलीयत," म्हणाली,
"गूजबेरीखाली, बाबांनी लाकडाचा भुगा टाकला तिथे.
आणि एक उबलं."

मी चिकटपट्टी सोडली.
एक पांढरं अंडं, मातीनं माखलेलं, दाबलं तर लिबलिबीत.
दुसरं फुटलेलं, आणि त्यातून
पाच लाल बोटं, उताणी, टोकाकडे निमुळती,
बोटांच्या आतल्या बाजूला काळपट, ओला चिकटा.
अंडं मी मधोमध कापलं.
आत गारेगार पारदर्शक खळ, आणि तिच्याही आत
तीच बोटं, दुमडलेली,
थंडीत मोज्यात आवळलेली मूठ असावी तशी.

मी भिंग घेऊन वाकलो.
बऱ्याच वर्षांनी काहीतरी नवं, याच्या आनंदात
मागे खुर्च्या सरकल्या ते कळलंच नाही.
मान वर केली तेव्हा खोली रिकामी होती.
राद्का खिडकीबाहेर डोकं काढून उभी,
ग्रंथपाल जिन्यात, ओढणी तोंडावर,
आणि ओतिली माझ्यासमोर, दोन बोटांत नाक धरून,
माझ्याकडे बघत.
अळंबीकडे नव्हे. माझ्याकडे.

"तुम्हाला येतच नाही," ती म्हणाली.

खोटं बोलायला वेळ होता. एक माशी आली,
लाल बोटावर बसली, पाय चोळू लागली.
"नाही येत," मी म्हणालो.
"कधीपासून?"
"बर्फ होतं तेव्हापासून."
तिनं थोडा विचार केला. मग नाक सोडलं,
श्वास घेतला, डोळ्यांत पाणी, तरी पुन्हा घेतला.
"आमच्या मांजरीनं कपाटामागे उंदीर ठेवला होता.
सुट्टीवरून आलो तेव्हाचा. तसा.
पण खाली थोडा गोड."

मी नाव सांगितलं: क्वेतनातेत्स, फूल लपलंय या नावात.
फार दक्षिणेकडून आलाय, म्हणतात, लोकरीच्या गाठोड्यांतून.
विषारी म्हणून त्याची ख्याती नाही, पण खाणार कोण,
माश्यांसाठीच त्यानं हा सगळा खटाटोप केलाय.
"मग राहू दे?"
"राहू दे. बाबांना सांग, खिडकी लावून जेवा."

नोंदवहीत लिहिलं: तारीख, जागा, भुगा.
रंगाच्या रकान्यात: लाल.
गंधाच्या रकान्यात माझा हात थांबला, मग लिहिलं:
मेलेला उंदीर, खाली गोड. साक्ष ओ. श्मे., वय ९.
सहीसाठी वही तिच्याकडे फिरवली.
जाताना विचारत होती, पुढच्या सोमवारी शाळा साडेतीनला सुटते, चालेल का.

घरी जाताना पुलावर बोटं नाकाशी नेली.
काही नाही. थंड हवा, तीही फक्त थंड.
दारात शेजाऱ्यांचं मांजर रोजच्यासारखं पायाशी आलं,
माझा हात हुंगला,
आणि दोन पावलं मागे सरलं.